संगीत महाविद्यालय म्हणजे नेमकं कुठलं?

गेल्या मे महिन्यात भाचीला घेऊन मुंबईला गेलो. मुरुडहून पहाटेची एसटी, अलिबागहून मांडवा, मांडव्याहून बोट, गेटवेला उतरून चालत चर्चगेट. तिच्या हातात प्लास्टिकची फाईल होती. आत दहावीची मार्कशीट, आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि गांधर्वच्या मध्यमा पूर्ण परीक्षेचं प्रमाणपत्र. बारावीचा निकाल नुकताच लागला होता. तिला गाणं शिकायचं होतं, आणि तेही छंद म्हणून नव्हे, कॉलेजात जाऊन.

आदल्या रात्री कुवेतहून दुलाभाईंचा फोन आला होता. लेकीवर त्यांचा जीव आहे, पण या विषयावर ते फार बोलत नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ते कॉलेज आहे ना? क्लास नाही ना?"

मी म्हणालो, "कॉलेजच आहे." म्हणालो खरा, पण नंतर बराच वेळ झोप आली नाही. कारण याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी पंधरा वर्षांपूर्वी स्वतःला दिलं होतं आणि त्याची किंमत आजही मोजतोय.

तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्याच वर्षी विशारदची परीक्षा होती. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान, संध्याकाळी क्लास, असं सगळं जमेना. मग मी हिशेब केला. ज्या परीक्षेला बसतोय तिच्या नावातच 'गांधर्व महाविद्यालय' आहे. विशारद म्हणजे बी.ए.च्या बरोबरीचं, असं आजूबाजूचे सगळेच म्हणतात. मग बी.कॉम. कशाला रेटायचं? सोडून दिलं. विशारद पास झालो, घरात बिर्याणी झाली, मोहल्ल्यात लोक 'मास्तर' म्हणायला लागले. दोन वर्षांनी एका विद्यापीठात एम.ए. संगीताचा फॉर्म भरायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "पदवी कुठंय?" मी विशारदचं प्रमाणपत्र पुढे सरकवलं. "हे संगीताचं झालं. पदवी?" मी गप्प. मागे रांग होती.

त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ स्पष्ट आहे. पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेनं तसा अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ ही अतिशय मोठी आणि मानाची संस्था आहे, पण ते परीक्षा मंडळ आहे. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या, वर अलंकार. गावोगावी केंद्रं, वर्षातून दोनदा परीक्षा. या रचनेमुळेच मुरुड-श्रीवर्धनच्या पोरांना गाण्याचं काहीतरी शिस्तशीर शिक्षण मिळतं. त्याबद्दल मी कायम ऋणी आहे. पण 'महाविद्यालय' हा शब्द तिथे 'मोठी शाळा' या जुन्या अर्थानं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला पहिलं गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा त्या शब्दाला आजचा सरकारी अर्थ चिकटलेला नव्हता. मी १९०१ चा शब्द २००९ च्या अर्थानं वाचला.

नाव आणि पदवी यांची ही गल्लत आजही होऊ शकते. राज्य सरकारनं २०२२ साली लता मंगेशकरांच्या नावानं मुंबईत आंतरराष्ट्रीय संगीत महाविद्यालय सुरू केलं. सुरुवात प्रमाणपत्र अभ्यासक्रमांनी झाली. त्यात वावगं काहीच नाही, सुरुवात अशीच होते. पण पाटीवर 'महाविद्यालय' वाचून बारावीनंतरच्या तीन वर्षांचा हिशेब मांडायला बसलात तर माझ्यासारखी फसगत होईल.

बोटीत मी भाचीला विचारलं, "तुझ्या डोक्यात संगीताचं कॉलेज म्हणजे काय आहे?"

ती जरा लाजली. मग म्हणाली, "मामू, तीन प्रकार असतात ना. एक आपल्या क्लाससारखं, म्हातारे सर, पेटी, सतरंजी. दुसरं सरकारी, तिथे बी.ए. होतं पण गाणं येत नाही. तिसरं ए. आर. रेहमानसारखं. काचेच्या खोल्या, हेडफोन, तिथून डायरेक्ट स्टुडिओत."

मला हसू आलं, पण नंतर विचार केला की पोरीनं इमारतीवरून का होईना, वर्गवारी तरी केली. मी तिच्या वयात तेवढीही केली नव्हती. तिच्या मैत्रिणींना विचारलं तेव्हाही साधारण हेच चित्र निघालं. कुणाला भिंतीवर लावलेल्या कलाकाराच्या फोटोवरून कॉलेज कळतं, कुणाला रीलवरून, कुणाला फीवरून. जितकी फी जास्त तितकं कॉलेज खरं, असंही एक जण म्हणाली. कुणीही म्हणालं नाही की आठवड्याला गाण्याचे तास किती ते बघायचं.

माझ्या मते पहिली गोष्ट बघायची ती हीच. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि वेळापत्रक मागा.

साध्या बी.ए.ला संगीत हा एक विषय असतो. बाकी मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, पर्यावरण. आठवड्यात गाण्याचे चार-पाच तास, त्यातही वीस मुलं एकत्र. परफॉर्मिंग आर्ट्सच्या पदवीला जवळपास सगळं वेळापत्रकच संगीताचं असतं: रागाचे तास, तालाचे तास, संगीतशास्त्र, इतिहास, ऐकण्याचे तास. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग अशा ठिकाणांपैकी एक. चर्चगेटजवळ बी रोडवर, मांडव्याच्या बोटीतून उतरून चालत जाता येतं. साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या केंद्राचे पहिले संचालक डॉ. अशोक दा. रानडे. गाणं गायचं तसं त्यावर विचारही करायचा असतो, हे त्यांनी मराठी माणसाला सांगितलं. तिथून थोड्याच अंतरावर एसएनडीटी महिला विद्यापीठ. तिथेही संगीत विभाग आहे आणि विद्यापीठच मुलींचं आहे. ज्या घरात 'कुठं राहणार, कुणाबरोबर बसणार' हा पहिला प्रश्न असतो, त्या घराला हे माहीत असलंच पाहिजे. पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे आणि त्याच्या नावातच 'गुरुकुल' आहे. म्हणजे पदवी विद्यापीठाची, पण शिकणं गुरूसमोर बसून. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत विभाग आहे, पणजीला गोवा विद्यापीठाशी संलग्न सरकारी संगीत महाविद्यालय आहे. छत्तीसगढमधल्या खैरागढला तर १९५६ पासून अख्खं विद्यापीठच संगीत आणि कलांचं आहे. आपल्या पोरांना दुबईचे सगळे कॅम्प माहीत असतात, खैरागढ मात्र ऐकलेलं नसतं.

लोककलेत रमणाऱ्यांसाठी मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारात लोककला अकादमी आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या एका पोराचा आवाज पहाडी आहे, ख्यालात तो गुदमरतो. त्याला मी हेच सुचवलं. तो म्हणाला, "तिथे मुसलमानाचं काय काम?" मी त्याला शाहीर अमर शेखांचं खरं नाव सांगितलं: मेहबूब हुसेन पटेल, बार्शीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजानं मैदानं भरायची ते. तो गप्प झाला, आणि मग मोबाईलवर शोधत बसला.

आता काचेच्या खोल्या. दुपारनंतर आम्ही उपनगरातल्या एका खासगी संस्थेत गेलो. स्वागत फार छान झालं. पाणी, ब्रोशर, स्टुडिओची फेरी. भाचीचे डोळे चमकत होते. मी विचारलं, शेवटी हातात जो कागद मिळेल त्यावर सही कुणाची? समुपदेशक म्हणाले, "आमचा डिप्लोमा आहे सर, इंडस्ट्रीत चालतो." फीचा आकडा ऐकून मी गप्प राहिलो. त्यात आमच्याकडे एक चांगली वापरलेली होडी इंजिनासकट आली असती.

या संस्था वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. संगीत संयोजन, ध्वनिमुद्रण, कीबोर्ड, सॉफ्टवेअर या गोष्टी विद्यापीठांच्या विभागात फारशा मिळत नाहीत आणि पोटापाण्याचं काम आज बरंचसं तिथेच आहे. मी स्वतः लग्नसराईत साऊंड सिस्टीम सांभाळतो, पेटीपेक्षा मिक्सरनं माझं घर जास्त चाललंय. पण एवढे पैसे ओतताना आपण पदवी विकत घेतोय की कौशल्य, हे घरच्यांना नीट ठाऊक असावं. रेहमाननी चेन्नईला २००८ साली काढलेली के. एम. कॉन्झर्व्हेटरीही शेवटी खासगी संस्थाच. तिथे लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठाशी जोडलेला मार्ग राहिलेला आहे, पण म्हणून तिथला प्रत्येक कोर्स पदवीचा आहे असं समजू नये. लंडनच्या ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा म्हणजे आपल्या गांधर्वचीच चुलत बहीण, एक ते आठ पायऱ्या, परीक्षा मंडळाच्या. ध्वनिमुद्रणात खरोखर रस असेल तर पुण्याची एफटीआयआय आहे. तिथला ध्वनीचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा असतो. रसूल पुकुट्टी तिथलाच, ज्याला २००९ साली ऑस्कर मिळालं. म्हणजे तिथेही जायचं तर आधी कुठलीतरी पदवी हवीच.

हा गोंधळ फक्त आपला नाही. युरोप-अमेरिकेतही कॉन्झर्व्हेटरी वेगळी, विद्यापीठाचा संगीत विभाग वेगळा. पॅरिसची कॉन्झर्व्हेटरी १७९५ ची. तिथे वादक-गायक घडवायचे ही मूळ कल्पना. अमेरिकेत 'बॅचलर ऑफ म्युझिक' घेतलं तर बहुतेक वेळ वाद्यावर जातो. संगीत घेऊन 'बॅचलर ऑफ आर्ट्स' केलं तर इतर विषयही तेवढेच. तिथल्या सतरा वर्षांच्या पोरालाही हा फरक कळत नाही. फरक एवढाच की त्याला समजावून सांगणारा शाळेत कुणीतरी बसलेला असतो.

आपल्याकडे तो कुणीतरी का नाही? इथे मला समाजाशी थोडं भांडायचं आहे.

आमच्या किनाऱ्यावर दरवर्षी उन्हाळ्यात करिअर मार्गदर्शनाची शिबिरं होतात. चांगली गोष्ट आहे, मी खुर्च्या लावायला आणि माईक जोडायला जातो. इंजिनीअरिंग, नर्सिंग, फार्मसी, मर्चंट नेव्ही, यूपीएससी, आखातातल्या सेफ्टी ऑफिसरचा कोर्स, सगळ्यांचे तक्ते असतात. गेल्या दहा वर्षांत संगीत हा शब्द तिथे मी फक्त माईक टेस्ट करताना ऐकला. मुलं विचारत नाहीत कारण विचारणं बरं दिसत नाही, आणि वक्ते सांगत नाहीत कारण कुणी विचारत नाही. घरात प्रश्न 'गाणं करायचं की नाही' इथेच अडकतो. त्यावर इतकी रडारड, इतके टोमणे, इतकी अबोला होऊन जाते की 'कुठे करायचं' इथपर्यंत कुणी पोहोचतच नाही. आणि ज्याला भांडून एकदाची परवानगी मिळते तो पहिला दरवाजा दिसेल त्यात शिरतो. मग तो क्लासचा असो की काचेचा.

धर्माचा प्रश्न आहे, तो मी टाळत नाही. संगीताबद्दल उलेमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत. कुणी सरसकट नाही म्हणतात, इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहून कुठल्या परिस्थितीत चालेल आणि कुठल्या नाही याची चर्चा केली, चिश्ती दर्ग्यांवर कव्वाली शतकानुशतकं चालू आहे. मी मुफ्ती नाही. हे बोलणं घरात व्हावं, मोकळेपणानं व्हावं, आणि ज्याला पटत नाही त्याच्यावर जबरदस्ती नको. पण माझा अनुभव असा की बहुतेक घरांत खरी अडचण मसल्याची नसतेच. ज्या घरात मुलीच्या नातेला सगळे वाहवा करतात, लग्नात बँड लावतात, त्याच घरात तिच्या संगीताच्या फॉर्मवर सही करताना अचानक फतवा आठवतो. तिथे भीती लोकांची असते.

दुसरी एक भावना आहे, ती उलट बाजूची. 'गांधर्व, सरस्वती वंदना, गुरुपौर्णिमा, हे सगळं त्यांचं. आपलं नाही.' ही भावना काही हवेतून आलेली नाही. जानकी बाखले यांच्या 'टू मेन अँड म्युझिक' या २००५ सालच्या पुस्तकात याचा इतिहास आहे. भातखंडे आणि पलुस्कर यांनी संगीत शाळा-कॉलेजात आणलं तेव्हा त्याला नवा राष्ट्रीय आणि बराचसा हिंदू पोशाख चढला आणि मुसलमान उस्ताद बाजूला पडत गेले, असं त्या दाखवतात. मला त्यांचं बरंच म्हणणं पटतं. पण त्यातून 'कॉलेज आपलं नाही' हा निष्कर्ष काढणं म्हणजे आपल्याच हातानं उरलेला हक्क सोडणं. बडोद्याला १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयानं गायनशाळा कुणी काढली? मौलाबक्षांनी. स्वरलिपी लिहून, वर्गात बसवून गाणं शिकवण्याच्या आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक. आजच्या बडोद्याच्या विद्यापीठातल्या परफॉर्मिंग आर्ट्स विभागाचं मूळ तिथे आहे. किराण्याचे अब्दुल करीम खाँ १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवत होते आणि मराठी नाट्यपदंही गात होते. पलुस्करांच्या गुरूंचं, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं गाणं ग्वाल्हेरचं, म्हणजे हद्दू-हस्सू खाँच्या घरातून आलेलं. भातखंडे स्वतः रामपूरच्या वझीर खाँचे शागीर्द झाले होते. माझी भाची मध्यमाच्या परीक्षेत जो ख्याल गाते तो सात-आठ पिढ्यांपूर्वी कुणाच्या दिवाणखान्यात होता, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

आणि लांब कशाला जायचं? मुरुडचंच घ्या. जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम नाझली, तिची बहीण अतिया फैजी. या अतियानं १९१४ साली लंडनमध्ये भारतीय संगीतावर इंग्रजीत पुस्तक छापलं. एक मुसलमान बाई, तेही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, राग आणि ताल जगाला समजावून सांगत होती. आमच्या गावात नवाबाचा राजवाडा बघायला पर्यटक येतात. अतियाचं नाव मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं, तेही योगायोगानं.

तरुण मुलं यावर एक हुकमी पत्ता टाकतात. "झाकीरभाई कुठे कॉलेजात गेले होते? राशिद खाँ कुठे गेले?" झाकीर हुसेन मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकले होते, हे आधी लक्षात घ्या. आणि त्यांचं तबल्याचं कॉलेज माहीमच्या घरात होतं, उस्ताद अल्लारखाँच्या रूपानं. राशिद खाँ अकराव्या-बाराव्या वर्षी कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गेले, ते आपल्या घरातल्याच उस्ताद निसार हुसेन खाँच्या हाताखाली. तिथे पदवी नसते, गुरूसोबत राहून रात्रंदिवस शिकणं असतं. हाही संस्थेचा एक प्रकार आहे आणि अव्वल दर्जाचा आहे. पण तिथे निवडून जाणारी मुलं किती, आणि घरात उस्ताद असलेली आपल्यापैकी किती? आमच्या मोहल्ल्यात उस्ताद म्हणतात ते इंजिन दुरुस्त करणाऱ्याला.

म्हणून माझं मत असं होतं: पदवी आणि गुरू एकाच घरात मिळतील अशी आशा धरू नका. अलिबागला, मुरुडला, म्हसळ्याला, जिथे जवळ असेल तिथे कुठलीही पदवी करा. सोबत गुरू धरा, विशारद पूर्ण करा. अनेक विद्यापीठांत कुठल्याही शाखेची पदवी आणि विशारद असेल तर एम.ए. संगीताचा दरवाजा उघडतो. मग नेट द्या. यूजीसी-नेटमध्ये संगीत हा विषय आहे, पुढे प्राध्यापकी आहे. खर्च कमी, घर जवळ, जोखीम नाही. माझं जे चुकलं ते दुरुस्त करणारा हा रस्ता. मी स्वतः पुढे नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आणि आता एम.ए.च्या मागे आहे. शाळेत तासिका तत्त्वावर शिकवतो, कायम होण्यासाठी कागद लागतात.

परतीच्या बोटीत मी हे सगळं भाचीला ऐकवलं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिनं फाईलच्या मागच्या कोऱ्या कागदावर हिशेब केला. "मामू, घरी राहिले तर सर आठवड्याला दोन तास शिकवतात. वर्षाला शंभर तास, त्यात सुट्ट्या आणि पाऊस. चर्चगेटला रोज चार तास धरले तरी महिन्याभरात तेवढे होतात." पुढे म्हणाली, "तुम्हाला पदवी मिळाली नाही म्हणून तुम्ही पदवीचाच विचार करताय. मला आवाजाचा करायचाय."

अठरा ते एकवीस हे आवाज घडायचं वय. तेव्हाचे तास नंतर परत मिळत नाहीत, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं. मी माझ्या जखमेवरची पट्टी तिला बांधत होतो. ज्याला गाण्याची ओढ आहे पण पोटाची काळजी मोठी आहे, त्याला माझा रस्ता आजही बरोबर वाटतो. पण जिच्याकडे खरोखर गळा आहे आणि तीन वर्षं पूर्ण वेळ द्यायची तयारी आहे, तिला 'आधी बी.कॉम. कर' सांगणं हा शहाणपणा नाही. तिथे विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सचीच पदवी धरावी, कारण त्यात तासही आहेत आणि कलम २२ चा कागदही.

पैशाचं थोडं सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यातल्या उपशास्त्रीय प्रकारात ठुमरी-दादऱ्यासोबत गझल आणि कव्वालीही येते. गल्लीत कव्वाली गाणाऱ्या किती पोरांना हे माहीत आहे? लहान भावंडं असतील तर १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सीसीआरटीची वेगळी शिष्यवृत्ती आहे. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, हे मात्र आता बहुतेकांना कळलंय. क्लासमधली गर्दी त्यामुळेच वाढली आहे आणि दहावीनंतर ओसरते, हेही खरं.

आणि प्रवेश चाचणीला घाबरू नका. तिथे कुणी तुमचं आडनाव ऐकायला बसलेलं नसतं. एक राग नीट, थोडी आलापी, बंदिश, ताल न सोडता गाणं, आणि समोरच्यानं गाऊन दाखवलेला स्वरसमूह तसाच परत म्हणता येणं. शिकवण्याजोगा कान आहे का, एवढंच बघतात. रीलवर किती लाईक आले हे विचारत नाहीत. भाचीला याचं जरा वाईट वाटलं.

पुढचे पंधरा दिवस ती फजरनंतर छतावर भीमपलास घेऊन बसायची. सकाळी भीमपलास हे चुकीच्या वेळेचं गाणं आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, दुपारी छत तापतं आणि संध्याकाळी शेजारी बाहेर बसलेले असतात. नानी खालून ओरडायची, "अगं, जरा हळू." बंद कर असं मात्र एकदाही म्हणाली नाही. दोन फॉर्म भरले, एक मुंबई विद्यापीठाचा आणि एक एसएनडीटीचा. गावातल्या कॉलेजचाही एक भरून ठेवला, तो माझ्या समाधानासाठी.

परवा दुलाभाईंचा पुन्हा फोन आला. मी सगळं सविस्तर सांगायला सुरुवात केली, पदवी कुणाची, सही कुणाची, तास किती. त्यांनी मध्येच थांबवलं.

"ते झालं रे," म्हणाले. "हॉस्टेलचा फॉर्म कधी निघतो ते सांग. तिकीट काढायचंय मला."